आठवा बोल्ट

ही न झालेल्या एका अपघाताची गोष्ट आहे. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. गाडी गेली, गाडी आली, लोकांनी फोटो टाकले, संपलं. तरी वर्ष झालं, ती डोक्यातून जात नाही. काही झालं असतं तर मी दोषी होतो की नव्हतो, हे कुणीतरी ठरवलं असतं. काहीच झालं नाही, म्हणून ते मलाच ठरवावं लागतंय.

माझ्याकडे एक जुनी जिप्सी आहे. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि गाडी असते साताऱ्यात, आईबाबांच्या अंगणात. महिन्यातून एक-दोन रविवार मित्रांबरोबर कुठल्यातरी कच्च्या रस्त्यावर चिखल उडवायचा, एवढाच तिचा उपयोग. अशा लोकांच्या संगतीत राहिलं की थोड्याच दिवसांत एक रोग जडतो: गाडी उंच करायची.

जिप्सीला पुढे-मागे दोन्हीकडे लीफ स्प्रिंग असतात, म्हणजे गॅरेजच्या भाषेत पाटे. पाट्याचं एक टोक चासीला पक्कं बसवलेलं असतं आणि दुसरं शॅकल नावाच्या एका झुलत्या जोडाला. खड्ड्यात पाटा दबला की लांब होतो आणि ती वाढलेली लांबी हा जोड सामावून घेतो. गाडी उंच करायचा नीट मार्ग म्हणजे नवे पाटे, नवे शॉकअॅब्जॉर्बर, लांब ब्रेक होज. तो खर्च मला झेपणारा नव्हता. स्वस्त मार्ग म्हणजे लांब शॅकल. शॅकल जेवढं लांब कराल त्याच्या साधारण निम्म्यानं गाडी वर येते, कारण पाट्याचं एकच टोक खाली ढकललं जातं. तीन इंच लांब केलं तर गाडी दीड इंच उंच.

प्रामाणिकपणे सांगायचं तर या दीड इंचाचा उपयोग लोकांना वाटतो तेवढा नसतो. अॅक्सल जागच्या जागीच राहतो, त्याखालची मोकळी जागा एक मिलिमीटरही वाढत नाही. वर जाते ती बॉडी. मोठे टायर बसवायचे असतील तर त्याचा फायदा. नाहीतर गाडी जरा रुबाबदार दिसते, इतकंच. वर पुढच्या शॅकलची लांबी वाढली की पुढचा अॅक्सल किंचित फिरतो, कॅस्टर कमी होतो आणि वळल्यावर स्टीअरिंग आपसूक सरळ यायला कंटाळा करतं. हे सगळं मला माहीत होतं. तरी मी केलं, कारण गाडी रुबाबदार दिसत होती.

फॅब्रिकेशनवाल्याकडून जाड पट्ट्या कापून आणि भोकं पाडून घेतल्या. चार शॅकल, प्रत्येकाला दोन बोल्ट, म्हणजे एकूण आठ. बोल्ट मी पुण्याहूनच आणले होते, १२ मिलिमीटरचे, डोक्यावर ८.८ असा आकडा कोरलेले. तो आकडा म्हणजे बोल्टचं जात प्रमाणपत्र. पहिला ८ सांगतो की हा ८०० मेगापास्कल ताणापर्यंत तुटत नाही. दुसरा ८ सांगतो की त्याच्या ८० टक्क्यांपर्यंत, म्हणजे ६४०पर्यंत, तो कायमचा वाकतही नाही. साधा ४.६चा बोल्ट ४०० ला तुटतो आणि २४० लाच मान टाकतो. दोन्ही दिसायला सारखेच. फरक फक्त डोक्यावर लिहिलेला असतो.

शनिवारी जुन्या गंजलेल्या पिनांवर डिझेल ओतून ठेवलं. रविवारी सकाळी गाडी जॅकवर घेतली, चासीखाली स्टँड लावले आणि कामाला लागलो. बाबा दर तासाला चहा आणि एक शंका घेऊन यायचे. संध्याकाळी सहापर्यंत सात बोल्ट बसले. आठवा बसेना. पुढचं डावं शॅकल, खालचा बोल्ट. बुशचं भोक आणि पट्टीचं भोक जेमतेम दोन मिलिमीटर चुकत होतं. दमलो होतो, दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिस होतं. मी हातोडी घेतली. बोल्ट आत गेला, पण त्याचे आटे चेचले गेले. नट चढेना.

चौकातलं हार्डवेअरचं दुकान अर्धं शटर पाडून बसलं होतं. त्याच मापाचा बोल्ट त्यांच्याकडे होता. मी डोकं उजेडात धरून पाहिलं. गुळगुळीत. आकडा नाही.

"८.८ नाही का हो?"

"बोल्ट बोल्टच असतो की. बसवा, काय होत नाही."

मी बसवला. पुढच्या रविवारी बदलायचा, असं ठरवलं. आमच्या धंद्यात याला टूडू म्हणतात. कोडमध्ये एक ओळ लिहून ठेवायची की हे तात्पुरतं आहे, नंतर नीट करू. जगातलं किती सॉफ्टवेअर अशा तात्पुरत्या ओळींवर उभं आहे, हे माझ्या पेशातल्या कुणालाही विचारा.

पुढचा रविवार आला आणि गेला. ऑफिसात रिलीज होतं. त्याच्या पुढच्या रविवारी पाऊस. तिसऱ्या आठवड्यात दादाचा फोन आला. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ. कासला फुलं आलीत, वहिनीला आणि पोरीला घेऊन जायचंय, जिप्सी नेऊ का?

"ने की," मी म्हणालो.

त्याचा प्रश्न आणि माझं उत्तर यांच्यामध्ये अर्धा सेकंद गेला असेल. त्या अर्ध्या सेकंदात मला बोल्ट आठवला. हे मी लपवणार नाही, कारण सगळी गोष्ट तिथेच आहे. बोल्ट आठवला आणि त्याच्यामागोमाग कारणंही रांगेत उभी राहिली. तीन आठवडे गाडी फिरतेय, काही झालं नाही. दुकानदार रोज बोल्ट विकतो, त्याला कळत असणारच. यवतेश्वरचा घाट काही फार मोठा नाही. आणि आता 'गाडीत एक शंकास्पद बोल्ट आहे' असं सांगायचं म्हणजे आपणच आपल्या कामाचं हसं करून घ्यायचं. अर्ध्या सेकंदात एवढं सगळं मावतं. मग तोंडातून निघतं ते फक्त 'ने की'.

संध्याकाळी ते परत आले. पुतणीनं दिवसभर खिडकीतून हात बाहेर काढून वारा पकडला होता. नऊ वर्षांची आहे. पुढच्या सीटवर बसली होती, डावीकडे.

त्या रात्री मी पुण्यात नीट झोपलो नाही. पुढच्या शनिवारी येऊन पहिल्यांदा तो बोल्ट काढला. अगदी ठणठणीत होता. वाकलेला नाही, घासलेला नाही. मला हायसं वाटलं आणि दुसऱ्याच क्षणी त्या हायसं वाटण्याची लाज वाटली. का वाटली, हे मात्र तेव्हा सांगता आलं नसतं.

ते नंतर कळलं, एका जुन्या निबंधातून. विल्यम क्लिफर्ड हा एकोणिसाव्या शतकातला इंग्रज गणिती. काँप्युटर ग्राफिक्स शिकलेल्यांनी क्लिफर्ड अल्जिब्रा ऐकलं असेल, तो हाच. १८७७ साली त्यानं श्रद्धेच्या नीतीवर एक निबंध छापला. त्यात एक जहाजमालक आहे. त्याचं जहाज जुनं आहे, मुळातच फार चांगलं बांधलेलं नाही, दुरुस्तीला आलंय. त्यातून स्थलांतर करणारी कुटुंबं जाणार आहेत. मालकाच्या मनात शंका येते. पण दुरुस्तीचा खर्च मोठा आहे. मग तो स्वतःला समजावतो की हे जहाज इतक्या वादळांतून परत आलंय, याही वेळी येईल. देव इतक्या निरपराध कुटुंबांना वाऱ्यावर सोडणार नाही. बांधणाऱ्यांवर उगाच संशय घेऊ नये. असं करत करत त्याला मनापासून खात्री वाटू लागते. जहाज बंदर सोडतं तेव्हा तो हलक्या मनानं पाहत असतो. ते भर समुद्रात बुडतं आणि त्याला विम्याचे पैसे मिळतात.

हा माणूस दोषी आहे, हे कुणीही म्हणेल. क्लिफर्डची खरी चाल पुढे आहे. तो म्हणतो, आता समजा जहाज बुडालंच नाही. सुखरूप पोचलं आणि पुढेही अनेक फेऱ्या करून आलं. मग मालकाचा दोष कमी झाला का? त्याचं उत्तर आहे, तसूभरही नाही. फक्त तो पकडला गेला नाही. प्रश्न त्याचा विश्वास खरा ठरला की खोटा, हा नाहीच. त्याच्याकडे जो पुरावा होता त्यावर तसा विश्वास ठेवायचा त्याला हक्क होता का, हा आहे.

क्लिफर्ड हे आरामखुर्चीत बसून लिहीत नव्हता. १८७०मध्ये सूर्यग्रहण पाहायला निघालेल्या मोहिमेत त्याचं स्वतःचं जहाज सिसिलीजवळ फुटलं होतं. तो वाचला. ज्या जहाजाच्या मजबुतीबद्दल आपल्याला कुणी विचारलेलं नसतं, त्यात प्रवासी म्हणून बसणं म्हणजे काय, हे त्याला ठाऊक होतं.

निबंध वाचल्यावर मी इंजिनीअर जे करतो ते केलं. गणित मांडलं. जिप्सीचं रिकामं वजन साधारण एक टन. चार चाकांत वाटलं तर चाकामागे अडीचशे किलो. पाट्याच्या दोन टोकांत वाटलं तर शॅकलवर सव्वाशे. माणसं धरा, खड्ड्यातला दणका धरा, चारपट करा. झाले पाचशे किलो. आता बोल्ट. शॅकलच्या दोन पट्ट्यांमध्ये तो दोन जागी कापला जाऊ शकतो. साधा ४.६चा धरला तरी ढोबळमानानं चार टनांपर्यंत तुटू नये. म्हणजे आठपट सुरक्षितता.

मला क्षणभर जिंकल्यासारखं वाटलं. दुकानदार बरोबर होता, काय होत नाही! पण गणिताच्या तिसऱ्या ओळीत मी ४०० हा आकडा घातला होता, तो आला कुठून? बोल्टच्या डोक्यावर तर काहीच लिहिलेलं नव्हतं. तो आकडा मी मला हव्या त्या उत्तरासाठी उधार घेतला होता. शिवाय शॅकलचा बोल्ट एका दणक्यात तुटत नाही. तुटलाच तर हजारो छोट्या झोक्यांनी थकून, ढिला होऊन, एखाद्या न दिसणाऱ्या भेगेतून तुटतो. ते माझ्या गणितात नव्हतंच. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हे गणित मी दादा परत आल्यानंतर मांडलं. ते करायला मला दहा मिनिटं लागली. 'ने की' म्हणायच्या आधीही दहाच मिनिटं लागली असती.

आपण याला बजेट लिफ्ट म्हणतो. पण बजेट कशाचं कमी पडलं? दुसरा ८.८चा बोल्ट काही मला कंगाल करणारा नव्हता. कमी पडलं होतं ते लक्ष. आणि ते कमी पडलंय हे मला माहीत होतं.

महिन्याभरानं मी दादाला सांगितलं. खरं म्हणजे सांगायची गरजच नव्हती. बोल्ट बदलला होता, धोका संपला होता. पण त्याच्या घरी जेवायला बसलो असताना पुतणी पुन्हा जिप्सीत कधी न्यायची म्हणून मागे लागली आणि मला राहवेना. दादा चिडेल असं वाटलं होतं. तो हसला नाही आणि चिडलाही नाही. भाताचा घास कालवत म्हणाला, "सांगितलं असतंस तरी मी नेलीच असती रे. पण पोरीला पुढं बसवलं नसतं."

मी तोपर्यंत हा प्रश्न धोक्याचा समजत होतो. बोल्ट तुटण्याची शक्यता किती, तुटला तर काय, वगैरे. दादाच्या बोलण्यात शक्यता कुठेच नव्हती. त्यानं तोच धोका पत्करला असता, कदाचित जास्तच बेफिकीरपणे. पण पत्करला असता तो त्यानं. पोरीला मागे बसवायचं की नाही, घाटात दुसऱ्या गिअरमध्ये उतरायचं की तिसऱ्या, हे ठरवायचं त्याला होतं. मी त्याच्याकडून सुरक्षितता काढून घेतली की नाही, हे आजही कुणाला सांगता येणार नाही. ठरवणं मात्र नक्की काढून घेतलं. त्यासाठी बोल्ट तुटायची गरज नव्हती.

माझ्या ग्रुपमधल्या मित्रानं यावर वाद घातला. म्हणाला, तू असं म्हणायला लागलास तर या देशातली निम्मी वाहनं बंद पडतील. तारेनं बांधलेले पाटे, वेल्डिंग केलेल्या चासी, कुठूनतरी काढून लावलेले ब्रेक. गरीब माणसाला जुगाड करू नको म्हणणं सोपं आहे. तुझं पोट भरलेलं आहे म्हणून तुला नीती सुचते.

हा आक्षेप मला खरा वाटतो, फक्त तो मला लागू होत नाही. क्लिफर्डला उत्तर देताना विल्यम जेम्स या अमेरिकन तत्त्ववेत्त्यानं १८९६मध्ये साधारण असंच म्हटलं होतं. आयुष्यात काही निवडी टाळताच येत नाहीत. पुरेसा पुरावा हाती यायची वाट पाहणं हीसुद्धा तिथे एक निवडच ठरते. तिथे माणसानं विश्वासावर पाऊल टाकलं तर त्याला दोष देऊ नये. रात्री आडरानात ट्रकचा पाटा तुटला आणि ड्रायव्हरनं तो साखळीनं आवळून गाव गाठलं, तर त्याची निवड अशी आहे. त्याला जावंच लागणार आहे, तो स्वतः त्या केबिनमध्ये बसलाय, आणि पाटा तुटलाय हे त्याला व त्याच्या क्लीनरला दोघांनाही दिसतंय. माझ्याकडे यातलं काहीच नव्हतं. मला कुठेही जायचं नव्हतं. गाडीत मी नव्हतो. जे गाडीत होते त्यांना माहीत नव्हतं. त्यानं केला तो जुगाड. मी केलेल्याला वेगळा शब्द शोधायला हवा.

दादाचा हिशोब असा मिटला. तेव्हा वाटलं होतं की आता बोल्ट आठही ८.८चे आहेत, ज्याला गाडी देईन त्याला सगळं सांगेन, झालं. पण एकदा रात्री घाट उतरताना समोरून एक स्कूटर आली. मागे बाई, पुढे पोर उभं. माझ्या दिव्यांनी त्या माणसाचे डोळे दिपले आणि त्यानं हात आडवा धरला. गाडी उंच झाली तसे दिवेही उंच झाले होते आणि ते खाली वळवून घ्यायचं राहून गेलं होतं. दिवे दुसऱ्या दिवशी नीट केले. पण एक गोष्ट नीट करता येईना. दादाला सांगता आलं. या स्कूटरवाल्याला मी कसं सांगणार होतो?

तोवर मी आरटीओचा कायदा म्हणजे शौकीन लोकांना छळायचं हत्यार समजत होतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीनं ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९मध्ये केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं ते पुन्हा स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. आमच्या ग्रुपमध्ये या विषयावर फक्त विनोद होतात.

स्कूटरवाला भेटल्यानंतर मला त्या कायद्यातली एक गोष्ट पहिल्यांदा दिसली. रस्त्यावर आपण रोज शेकडो अनोळखी माणसांच्या यंत्रांच्या आसपास जीव घेऊन फिरतो. प्रत्येकाला थांबवून 'बोल्ट कुठला घातलाय' असं विचारता येत नाही. ते आपल्या वतीनं कुणीतरी एकदाच विचारून ठेवलेलं असतं. ती तपासणी ढिसाळ असेल, चिरीमिरीनं वाकत असेल, पण तिचा अर्थ तोच आहे: ज्यांना विचारता येत नाही, त्यांना दिलेला शब्द.

हा शब्द किती जड असतो, ते जिप्सीच्याच घराण्यातल्या एका गाडीनं दाखवलंय. अमेरिकेत सुझुकी सामुराई या नावानं तिची भावंडं विकली जायची. १९८८मध्ये 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या मासिकानं चाचणी घेऊन ती गाडी फार सहज कलंडते, असं म्हणत तिला 'अस्वीकार्य' ठरवलं. कंपनीनं १९९६मध्ये खटला भरला आणि २००४मध्ये तडजोड झाली. एक गाडी सहज कलंडते की नाही, या एका शब्दावर एवढी वर्षं भांडण चाललं. कोण बरोबर होतं, हा माझा मुद्दा नाही. कारखान्यातून निघालेल्या उंचीबद्दल कुणीतरी चाचणी घेत होतं, कुणीतरी ती खोडत होतं. त्या उंचीत मी रविवारी दुपारी दीड इंच घातले, आणि त्या दीड इंचांची चाचणी जगात कुणीही घेतली नव्हती. गुरुत्वमध्य वर गेला की कलंडण्याचा धोका वाढतो, हे अकरावीचं भौतिकशास्त्र आहे. किती वाढला, हे मला माहीत नव्हतं. आणि ते माहीत नसताना मी ज्यांच्या शेजारून जात होतो, त्यांनी मला 'ने की' म्हटलेलं नव्हतं.

'माझी गाडी, माझा पैसा, माझा जीव' हे वाक्य मी खूपदा वापरलंय. त्यातला प्रत्येक शब्द खरा आहे. फक्त रस्ता माझा नाही.

दिवाळीत घरी गेलो तेव्हा लांब शॅकल काढली आणि जुनी परत बसवली. बाबा चहा घेऊन आले, म्हणाले, एवढी मेहनत करून घातलेलं परत काढतोस? मी म्हटलं, हो. गाडी आता दीड इंच बुटकी आहे आणि ग्रुपमध्ये माझी चेष्टा होते. मधूनमधून रुबाबाची आठवण येते, नाही असं नाही. सगळे बदल नियमात बसवून, नीट तपासून करणारे लोकही असतील. मला तो खर्चही जमत नाही आणि तेवढी चिकाटीही नाही, एवढं मी स्वतःला ओळखून आहे.

परवा दादानं पुन्हा गाडी मागितली. ठोसेघरला जायचं होतं. मूळ शॅकलना पिना असतात, माझे ते बोल्ट आता गाडीत नाहीतच, हे त्याला पक्कं माहीत आहे. तरी किल्ली घेताना त्यानं माझ्या तोंडाकडे बघत विचारलं, "आठही?"

अर्धा सेकंद मी खरोखर आठवून पाहिलं. मग म्हणालो, "आठही. ने."

पुतणी पळत जाऊन पुढच्या सीटवर बसली.